रानकेळ वर गेली

१२ सप्टेंबर २०२४

यामिनीताई, माफ करा, फार उशीर झाला. वही तुम्ही होळीला दिली आणि मी ती आज उघडली. आधी पेन सापडेना. पेन सापडला तर चष्म्याची दांडी तुटली. दांडी दोऱ्याने बांधून घेतली तर पाऊस लागला, आणि पावसात आमच्या घरात कोरडी जागा म्हणजे चुलीजवळची. तिथे माझी बायको रूपली बसू देत नाही. म्हणते, "लिहायचं तर बाहेर जाऊन लिही, इथे भाकरी होऊ दे."

तुम्ही सांगून गेलात, "बाबा, डोंगरातलं कोणतं झाड कधी फुलतं, एवढंच लिहा." एवढंच लिहितो. मी आश्रमशाळेत चौथीपर्यंत होतो. घरात आम्ही पावरी बोलतो, पण पावरी लिहायला कोणी शिकवलं नाही, म्हणून मराठीत लिहितो. चुकलं तर तुमच्या कॉलेजात सुधारून घ्या.

आज लिहायचं कारण असं की कपारीतल्या रानकेळीला फूल आलं.

तुम्ही कपार पाहिली आहे. पाड्याच्या मागे जो कडा आहे त्याच्या पोटातली ओली जागा. माझ्या लहानपणी ती रानकेळींनी भरलेली असायची. उन्हाळ्यात सगळ्या जमिनीत दडायच्या, पाऊस पडला की खडकातून हिरवे कान वर यायचे. आता एकच उरली आहे. तिला काही झालं तर काय, या काळजीने मी दिवसातून एकदा तरी जाऊन बघतो.

ही काळजी माझी एकट्याची नाही. आमच्या पाड्यात निलचारीची पूजा झाल्याशिवाय पावसाळ्यातली नवी हिरवी भाजी कोणी तोंडात घालत नाही. पूजेत देवापुढे नैवेद्य ठेवायचा तो रानकेळीच्या पानावर. पान आमच्या शिवेतलं हवं, आणि ते आणायचा मान आमच्या घराचा. माझ्या आजाने आणलं, बापाने आणलं, मी आणतो. यंदा त्या एकटीचंच पान आणलं. आणताना दोन्ही हातांवर आडवं धरून सावकाश चाललो, कारण पान जमिनीला लागू द्यायचं नसतं.

पण आता फूल आलं, आता घोर नाही. फूल आलं म्हणजे मागून पिलं येणार. मी तरुणपणी शहाद्याकडे तापीकाठच्या गुजर पाटलांच्या केळीबागेत कामाला जात असे. केळीचं मला कोणी शिकवायला नको. आई घड देते, बुडातून पिलं निघतात, आई संपते, पिल उभं राहतं. बाग कधी मरत नाही.

२० सप्टेंबर

घड धरू लागला आहे. बोटाएवढी केळी, आणि ती खाण्याची नाहीतच. आत काळे खडे भरलेले असतात. उगीच त्या खड्यांसाठी ती आई जीव ओतते आहे. त्यात यंदा कपारीतलं पाणीही बारीक झालंय. मला वाटलं, एवढ्याशा पाण्यात खडे पोसायचे की पिलं? म्हणून आज कोयता घेऊन गेलो आणि घड दांड्यासकट उतरवला. आता सगळी ताकद बुडात जाईल.

रूपलीला सांगितलं तर तिने हातातलं पीठ तसंच ठेवलं.

"कापलंस?"

"त्याने पिलं जोमाने येतील."

"माझी आजी त्या बियांना हात लावू देत नव्हती कोणाला."

"तुझी आजी केळीबागेत कामाला होती का?"

"नव्हती. म्हणून तर तिच्या वेळी कपार भरलेली होती."

या बाईला उलटं बोलण्याशिवाय काही येत नाही. मला दिवसभर बरं वाटलं नाही.

४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. रानकेळीची पानं झडली, खोड बसलं. हे दर वर्षीचंच आहे, म्हणून घाबरण्यासारखं काही नाही. फक्त खोड दर वर्षी वाळतं आणि यंदा कुजलं. वास येतो. पाऊस लांबला म्हणून असेल.

रूपली धडगावच्या बाजारातून तूप घेऊन आली. इतकं चांगलं तूप धडगावात कधीपासून मिळतं? मी विचारलं तर म्हणाली, "खायचं असेल तर खा." संध्याकाळी ती माझी जुनी निळ्या चौकडीची लुंगी फाडून लहानशी गोधडी शिवत बसली होती.

"हे कोणाला?"

"बहिणीच्या नातवाला."

"तुझ्या बहिणीला नातू कधी झाला?"

"तुला कोण काय सांगतं? सांगितलं तर तू तोंड फिरवतोस."

लुंगी अजून वापरण्यासारखी होती.

९ जानेवारी २०२५

थंडी म्हणावी तशी नाही. पूर्वी या दिवसांत पहाटे ढग आमच्या पाड्यात उतरायचा. शेजारचं घर दिसायचं नाही, कुडाला हात लावला तर ओला व्हायचा. आता तो ढग वरच्या पाड्याला बसतो. आम्ही खाली उन्हात बसून त्याच्याकडे बघतो.

वरच्या पाड्याचं नाव लिहिलं म्हणून लिहून टाकतो. माझी मुलगी सीमा तिथे आहे. न विचारता तिथल्या मिथुनच्या घरी जाऊन राहिली. गावात पंच बसले, सगळं रीतीने मिटलं, पण मला कोणी आधी विचारलं नाही ही गोष्ट कशाने मिटणार? त्या शिवेपलीकडचं पाणी पिणार नाही असं मी तेव्हाच सांगून टाकलं आहे, आणि घरात तिचं नाव काढू देत नाही.

मला कळत नाही, सगळं वरच का जातं. ढग वर गेला. मधमाश्या वरच्या कड्याला गेल्या. चारोळी खाली धरत नाही, वर धरते असं दिवाल्या सांगतो. दिवाल्या शेजारी आहे, अर्धं खोटं बोलतो, पण कोणतं अर्धं ते कळत नाही.

यामिनीताई, हे पान तुम्ही वाचू नका.

१६ मार्च

होळी झाली. मोह होळीच्या आधीच पडून गेला. बायका टोपल्या घेऊन निघाल्या तेव्हा फुलं सुकून गेली होती.

यामिनीताई येऊन गेल्या. वही मागितली. मी म्हणालो, पुरी झाली नाही. (आता देणं कठीण आहे. नको ते फार लिहून बसलो.) आम्ही अंगणात बसलो होतो. त्या म्हणाल्या, "बाबा, आम्ही खालून वरपर्यंत झाडं बघत आलो. बरीच झाडं वर सरकताहेत. खाली उकाडा वाढला, ओल कमी झाली, की तिथलं बी रुजत नाही. वर पडलेलं रुजतं."

मी हसलो. "झाडाला काय पाय असतात?"

"झाडाला नसतात. माकडाला असतात, पाखराला पंख असतात."

रूपली मध्येच म्हणाली, "आणि माणसाच्या डोक्याला दार नसतं, कुठूनही वारा शिरतो." कोणाला म्हणाली ते मी विचारलं नाही.

मग ताईंनी विचारलं, "रानकेळीला फूल आलं होतं म्हणे. फळ पिकलं का? बी पडलं का?"

मी म्हणालो, "वाऱ्याने मोडलं."

रूपलीने माझ्याकडे बघितलं आणि उठून गाईकडे गेली. मी खोटं का बोललो ते मला समजत नाही. मी तर भल्यासाठी कापलं होतं. भल्यासाठी केलेलं सांगताना लाज का वाटावी?

३ मे

ऊन असं की पत्र्यावर भाकरी भाजावी. कपारीतला झरा थांबला. कपारीत हात घातला तर आत गरम लागतं. मी विहिरीवरून हंडा भरून नेतो आणि बुडाशी ओततो. चढताना दम लागतो. दिवाल्या रस्त्यात भेटला, म्हणाला, "काय वाहरू, डोंगराला आंघोळ घालतोस?"

मी हंडा घेऊन पुढे निघालो. पाणी ओतलं की ते लगेच कुठेतरी निघून जातं, खडक ओलासुद्धा राहत नाही.

२९ मे

पाऊस वेळेच्या आधीच आला. इतक्या लवकर आलेला मला आठवत नाही. सगळं भराभरा उगवायला लागलं. भाजीचा तरोटा आला, कुरडू आला. रानकेळ आली नाही.

१० जून

मधे पाऊस थांबला होता, पुन्हा आला. रानकेळ नाही.

आज बोटाने बुडाची माती उकरली. आत कांदा असतो रताळ्यासारखा, घट्ट. बोट आत गेलं. कुजलेल्या सुरणासारखं मऊ. मी माती परत लोटली. पिल खोल असेल. पाटलाच्या बागेत कधी कधी पिल खोलवरून येतं, तिरकं येतं, लांब जाऊन निघतं. कपारीच्या दोन्ही बाजूंना बघितलं. उद्या खालच्या बाजूला बघतो.

१८ जून

सुरुपसिंग आला होता. आमचा पुजारा. माझ्याच वयाचा, पण त्याला कशाची घाई म्हणून नाही. बराच वेळ बैलांबद्दल बोलला. जाताना म्हणाला, "पान कधी आणतोस? तसा दिवस धरू."

मी म्हणालो, "अजून लहान आहे."

"लहान म्हणजे किती?"

"लहान."

तो "बरं" म्हणाला आणि कपारीकडे न बघता गेला. कपारीकडे बघितलं नाही यावरूनच मला वाटतं त्याला माहीत आहे.

२७ जून

निलचारी लांबली. बांधावर तरोटा गुडघ्याएवढा झाला, निबर होऊन चालला आणि कोणी तोडत नाही. बायका पाणवठ्यावर बोलतात आणि मी गेलो की हंडे उचलून निघतात. रोज डाळ आणि मिरची. पूजा झाली नाही आणि कोणी हिरवं खाल्लं, मग एखादं पोर आजारी पडलं, तर लोक कोणाचं नाव घेतील? माझंच.

आज दिवाल्याच्या घरातून लसणाच्या फोडणीत तरोटा पडल्याचा वास आला. मी दारात जाऊन उभा राहिलो.

"काय शिजतंय?"

"डाळ," दिवाल्या म्हणाला. दातात हिरवं अडकलं होतं.

"पूजा व्हायची आहे, दिवाल्या."

"तेच म्हणतो मी. पूजा व्हायची आहे. पान कुठाय?"

त्याच्या बायकोने आतून भांडं आपटलं. मी घरी आलो. माझ्या आजाच्या वेळी असा वास कोणाच्या घरातून आला नसता. यात माझी चूक किती आणि दिवाल्याची किती, याचा हिशेब मी करत बसलो आणि जेवलो नाही.

१ जुलै

लिहू की नको असं वाटतं, पण लिहितो.

धडगावला गेलो होतो. खालून शहाद्याकडून जीप घेऊन येणारा भिला ओळखीचा आहे, सगळ्यांशी अहिराणीत बोलतो. त्याला म्हणालो, येताना केळीचं एक पान घेऊन ये, चांगलं, न फाटलेलं. कोवळं असेल तर बरं, म्हणजे लहान दिसेल.

भिला म्हणाला, "कसाले लागस बाबा? लगीन शे का घरमा?"

"औषधाला."

"एकच पान? सांग तं अख्खी बाग लई येसू!" आणि सगळी जीप हसली.

बागेतलं पान आणि रानातलं पान यात फरक असतो. रानातल्याचा मधला दांडा तांबूस, पान रुंद. पण चुलीच्या धुरावर जरा धरलं आणि वर नैवेद्य ठेवला तर कोण बघतंय? देव बघतो, हे मला समजतं. पण देवाला हेही दिसत असेल की माझ्याकडे दुसरं काही नाही.

३ जुलै

पान आलं. गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. सुरुपसिंगला निरोप देऊन आलो, परवा पूजा धरा.

दुपारी जेवायला बसलो तर रूपलीने ताटाऐवजी तेच पान माझ्यापुढे पसरलं. त्यावर भाकरी, त्यावर डाळ.

मी वर बघितलं, माळ्यावरून रिकामं गोणपाट लोंबत होतं.

"जेव," ती म्हणाली. "गुजरांच्या बागेतलं आहे. त्यावर जेवायचं असतं."

"तू माळ्यावर कशाला गेलीस?"

"माझं घर आहे. तू कपारीत कशाला गेला होतास कोयता घेऊन?"

डाळ पानावरून वाहायला लागली. मी भाकरीने अडवली.

"परवा पूजा आहे, रूपली. मी सांगून आलोय."

"मग आज जेव, आणि उद्या वर जा."

"वर काय आहे?"

"सीमाच्या घरामागच्या कड्यात रानकेळी आल्या आहेत. तीन पावसाळे झाले. ती बाजारात भेटली की सांगते, माझ्या बाला सांग, बाला सांग. कोणाला सांगू? तू तिचं नाव काढू देत नाहीस."

म्हणजे तूप कुठून येत होतं ते आज समजलं. मी जेवलो. भूक होती.

४ जुलै

वर गेलो. लिहिताना अजून पाय दुखतात.

शिवेचा दगड ओलांडताना मनात म्हणालो, पाणी प्यायचं नाही, फक्त बघून यायचं. वाट माहीत होती, पण झाडं ओळखीची असूनही जागा चुकलेली वाटत होती. जे आमच्याकडे असायचं ते तिथे दिसलं. आमच्या कपारीतलं शेवाळं तिथल्या दगडांवर. ढग अंगावरून गेला, सदरा ओला झाला. लहानपणी आमच्याच पाड्यात असा ओला व्हायचो.

सीमा अंगणात होती. मी कुंपणाबाहेरच्या दगडावर बसलो. ती जवळ आली नाही, मीही उठलो नाही. तिथूनच म्हणाली, "बा, दमलास?"

"नाही."

"मग तोंड का उघडं आहे?"

तिच्या मागे पडवीत झोळी टांगलेली होती आणि झोळीत निळ्या चौकडीची गोधडी होती. मी माझी लुंगी ओळखली. गोधडीतून एक पाय बाहेर आला होता, माझ्या अंगठ्याएवढा. सीमा आत जाऊन तांब्या घेऊन आली आणि दगडावर ठेवून बाजूला झाली.

तहान फार लागली होती. पाणी प्यायलो. थंड होतं. आमच्या झऱ्याचं पूर्वी असंच असायचं.

मग ती मला घरामागे घेऊन गेली. त्या कड्यावर माझ्या तरुणपणी गवताशिवाय काही नव्हतं, मी तिथे गुरं घेऊन गेलेलो आहे. आता खडकाच्या प्रत्येक फटीत रानकेळ. हाताएवढ्या, कमरेएवढ्या, एक तर माझ्यापेक्षा उंच. पानांवरून पाणी गळत होतं. माझे डोळे भरून आले, चष्मा काढून पुसला तर दांडीचा दोरा सुटला.

"कोणी लावल्या?"

"कोणी नाही. माकडं खालून फळं खाऊन येतात आणि इथे बसतात. तुझ्याच कपारीतल्या असतील."

मी म्हणालो, "मला पिलं काढून दे. दोन-तीन पुरेत. खाली लावतो."

ती हसली. लहानपणी हसायची तशीच, हाताने तोंड झाकून. "रानकेळीला पिल नसतं, बा."

"केळीला पिल नसतं असं कुठे असतं?"

"बागेतली केळ शेळीसारखी, पिलं पायाशी घेऊन असते. ही फुलपाखरासारखी. अंडी टाकली की संपलं. एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. बी राहिलं तर ती राहिली." मग हसणं थांबवून म्हणाली, "आई म्हणाली, तुझ्या रानकेळीला फूल आलं होतं."

"वाऱ्याने मोडलं," मी म्हणालो.

ती "हं" म्हणाली. आईसारखंच बघते.

मी उंच रानकेळीच्या वर बघितलं. "याच्या वर काय आहे?"

"वर? देवाचा दगड आणि वारा. मग पलीकडचा उतार."

म्हणजे डोंगर तिथे संपतो. मला पुन्हा काळजी लागली, पण ती मी तिला सांगितली नाही. पान कापलं नाही. शिवेबाहेरचं पान मी कसं न्यावं? तसाच उतरलो. उतरताना लक्षात आलं की पोराला जवळून बघितलंसुद्धा नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

सुरुपसिंगकडे जाऊन सगळं सांगितलं. फूल कापल्याचं सोडून सगळं.

तो म्हणाला, "बाहेरचं पान चालत नाही."

"माहीत आहे. म्हणून तर रिकामा आलो."

त्याने विडी विझवली. "सीमा कुठली?"

"वरच्या पाड्याची."

"ते तिचं सासर. मी विचारतो, ती कुठली?"

मी विझलेली विडी उचलून बघितली, खाली ठेवली. त्याला घाई नव्हती.

"आपली," मी म्हणालो.

"मग पान तिने तोडावं आणि शिवेच्या दगडापर्यंत आणावं. तू दगडाच्या या बाजूला उभा राहून घे. लेकीच्या हातचं पान बाहेरचं नसतं. पण तिला हाक मारून बोलवावं लागेल, बापाच्या नावासकट, सगळ्या पाड्यासमोर. नाहीतर देवाला कसं कळणार कोणाची लेक?"

"तू मार ना हाक. पुजारा तू आहेस."

"मी तिचा बाप नाही," तो म्हणाला.

५ जुलै

सुरुपसिंगने रात्रीच वर निरोप धाडला होता. सकाळी सगळा पाडा शिवेच्या दगडाशी आला. ढोल होता. रूपली पुढे उभी होती, नवं लुगडं नेसून. हे लुगडं कधी घेतलं?

सीमा वरून येताना दिसली. पोर पाठीशी बांधलेलं, दोन्ही हातांवर पान आडवं धरलेलं, जमिनीला लागू नये म्हणून हळूहळू उतरत होती. वाट निसरडी. मला भीती वाटली, पानाची आणि तिचीही. कोणाची जास्त ते सांगता येणार नाही. ती दगडाच्या पलीकडे येऊन थांबली. ढोल थांबला.

आता हाक मारायची होती. रात्री किती वेळा मनात म्हणून ठेवलं होतं, ते कुठे गेलं कळेना. दिवाल्या मागून हळूच म्हणाला, "वाहरू, लवकर कर. घरी तरोटा चुलीवर ठेवून आलोय." लोक हसले आणि त्या हसण्यात माझा आवाज सुटला.

"सीमा! वाहरूची लेक सीमा! ये, पान घेऊन ये!"

ओरडणं जरा जास्तच मोठं झालं. कड्यावरून परत ऐकू आलं आणि पाठीवरचं पोर दचकून रडायला लागलं. तिचे हात अडकलेले, तिला पोर धरता येईना. मी पान घ्यायला पुढे झालो, पण पानाआधी रूपलीने पोर सोडवून माझ्या एका हातात दिलं. दुसऱ्या हातावर सीमाने पान ठेवलं. दोन्ही जमिनीला लागू द्यायची नव्हती. मी तसाच देवापर्यंत चाललो. पोर माझ्या चष्म्याची दांडी ओढत होतं.

पूजा झाली. मोकळीक मिळाली. दुपारी प्रत्येक घरातून फोडणीचा वास आला. दिवाल्याने वाटी आणून दिली. म्हणाला, "ही आजची. ती डाळ होती."

सीमा जेवून गेली, पोर जरा खोकत होतं. जाताना फडक्यात बांधून काळं बी दिलं. मागच्या वर्षी पलीकडच्या कड्यावर एक रानकेळ पिकली होती, तिचं. "कपारीत टाक. रुजलं तर रुजलं."

२२ जुलै

बी टाकलं. काही फटीत, काही मातीत, काही सावलीत. रोज बघतो.

११ ऑगस्ट

काही नाही. पाऊस येतो, जातो, दुसऱ्या दिवशी कपारीला हात लावला तर कोरडी. बी उकरून बघितलं, दगडासारखं आहे. मेलं की झोपलंय ते बियावरून कळत नाही. रूपली म्हणते, "रोज उकरलंस तर ते तरी काय करेल?"

यामिनीताईंनी विचारलं तर सांगेन, तुम्ही म्हणाला होतात ते खरं. पण वर गेलेलं आणखी वर कुठे जाणार, हे त्यांना विचारायचं आहे. विचारायची भीती वाटते. त्यांच्याकडे उत्तर असलं तर काय करू, आणि नसलं तर काय करू.

३० ऑगस्ट

यामिनीताई, हे पान तुमच्या वहीतून फाडतो आहे. रूपली उद्या बाजाराला जाते, तिथे सीमाला देईल. मिथुन वाचून दाखवेल.

सीमा, तुझी ती उंच रानकेळ या दिवसांतच फुलेल. फूल आलं तर त्याला कोणाला हात लावू देऊ नको. मिथुनला सांग, सासऱ्याला सांग. घड पिकू दे, गळू दे, माकडं खाऊ देत. त्यांना हाकलू नको. कोणी शहाणा आला आणि म्हणाला की कापल्याने बुडाला ताकद येते, तर त्याला कुंपणाबाहेरच बसव.

माझी वाऱ्याने मोडली नव्हती. मी कापली.

इथे बी अजून वर आलं नाही. मी वाट बघतो, पण तिथलं कळल्याशिवाय मला चैन नाही. फूल दिसलं का, दिसलं तर घड धरला का, झरा चालू आहे का, पोराचा खोकला गेला का, आणि देवाच्या दगडाजवळ, अगदी वर, एखादं रोप आलंय का ते चढून बघ. फोन लागत नाही, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाकडूनही निरोप धाड. दिवाल्या आला तर त्याच्याकडूनही चालेल, अर्धा निरोप खरा असेल. पण लवकर धाड, सीमा. बाजाराची वाट बघत बसू नको.